सुलटी काच

फंगस म्हणजे बुरशी. ती लोणच्याला लागते, चामड्याच्या चपलेला लागते, तशीच लेन्सच्या काचेलाही लागते. कोपरगावात बसून जुने कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करणं हा माझा धंदा. लोक फंगस घेऊन येतात आणि मी तोंड वाईट करून चुकचुकते. पण एका लेन्सला फंगस लागावी म्हणून मी कित्येक पावसाळे वाट बघितली. नवस बोलायचा तेवढा बाकी ठेवला होता.

ती लेन्स माझ्या वडिलांची. आणि लटकत होती माझ्या मावसभावाच्या गळ्यात.

वडिलांचं नाव गोरक्षनाथ, पण सगळा गाव त्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून घरातही अण्णाच. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. आज तिथंच माझं दुकान आहे. लेन्स रशियन बनावटीची, काळी, मुठीत मावेल एवढी, पण हातात घेतली की वजन जाणवायचं. तिला मोटर नाही. पुढचं कडं बोटांनी फिरवायचं, धुरकट माणूस हळूहळू स्पष्ट होत येतो, आणि डोळ्यातली बाहुली लख्ख दिसली की थांबायचं. अण्णा ती फिल्मच्या कॅमेऱ्यावर लावत. आजची पोरं मध्ये अडॅप्टरची रिंग बसवून तीच डिजिटल कॅमेऱ्यावर लावतात. लेन्सला त्याचं काही नसतं. मागं रोल असो की चिप, समोर जे आहे ते ती मागं पोचवते.

अण्णांची लेन्स मात्र समोर नसलेलंही पोचवायची. त्याचं कारण एक चूक. गोदावरीचं पाणी बाजारपेठेत शिरलं त्या वर्षी स्टुडिओत गुडघाभर गाळ साचला होता. अण्णांनी ओट्यावर फडकं पसरून लेन्स उघडली, एकेक काच स्पिरिटनं पुसली आणि परत बसवली. सगळ्यात पुढची काच बसवली ती उलटी, आतली बाजू बाहेर. मी तेव्हा शाळेत होते, शेजारी बसून बॅटरी धरायचं काम माझं. पुढचा रोल धुतला तेव्हा कळलं. मधला माणूस ठीक, पण त्याच्या मागची झाडं, पानं, ऊन, सगळं गरागरा फिरत होतं, नदीच्या पात्रात भोवरा पडतो तसं. अण्णा आधी हबकले, मग फोटो आडवेतिडवे करून बघत बसले, मग हसत सुटले.

"राहू दे गं," म्हणाले, "कंपनीला सुचलं नसतं ते आपल्या गाढवपणानं झालं."

दूरचा डोंगर त्या लेन्सला परत कधी नीट दिसला नाही. पण चार पावलांवर उभं राहिलेलं माणूस असं दिसायचं, जणू सगळं जग त्याच्याभोवती फिरतंय. अंगात फाटका सदरा असला तरी. काच उलटी आहे हे फक्त आम्हा दोघांना माहीत. गावाला वाटायचं, अण्णांचा हातच तसा आहे. अण्णा म्हणायचे, वाटू दे.

आता हर्षल. हा माझ्या मावशीचा मुलगा. मावशी लवकर गेली, म्हणून माझी आई त्याला स्वतःच्या ताटातलं काढून द्यायची. कॉलेजात काही जमेना तेव्हा तो आमच्याकडे फोटोग्राफी शिकायला आला, आणि अण्णांनी त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं. एक दिवस म्हणाला, "अण्णा, एका लग्नापुरती लेन्स देता का?" अण्णांनी दिली. एका लग्नाची दहा लग्नं झाली, दहाची शंभर झाली, लेन्स काही परत आली नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

आणि नागोबानं फणा तरी किती काढावा! 'हर्षल भोवरा फोटोग्राफी' अशी पाटी लागली. नगरपासून नाशिकपर्यंत त्याला बोलावणी येऊ लागली. नवरा-नवरी मध्ये उभे, मागं लिंबाचा पाला गरागरा, की पोरी वेड्या व्हायच्या. त्यानं मोबाईलवर व्हिडिओचा चॅनेल काढला. त्यात एकदा सांगितलं, "ही लेन्स मी मुंबईच्या चोर बाजारात ढिगातून हुडकली. पण लोकहो, लेन्स चार आणे, डोळा बारा आणे. हा भोवरा माझ्या डोळ्यातला आहे."

मी तो व्हिडिओ दुकानात एकटी बसून बघितला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. चोर बाजार म्हणे! त्यातला बाजार खोटा, चोर तेवढा खरा.

अण्णा आजारी पडले तेव्हा त्यांना ती लेन्स हवी होती. फोटो काढायचे नव्हते, नुसती हातात धरायची होती. मी निरोपावर निरोप पाठवले. हर्षल आला, गळ्यात कॅमेरा, कॅमेऱ्याला तीच लेन्स. त्यानं अण्णांना लिंबाखाली खुर्चीत बसवलं आणि त्यांच्याच लेन्सनं त्यांचा फोटो काढला. अण्णा म्हणाले, "आता ठेव ती हितं." तो म्हणाला, "एवढा सीझन होऊ द्या, अण्णा." सीझन संपायच्या आत अण्णा संपले.

तेराव्याला तो फोटो फ्रेम करून घेऊन आला. आजही भिंतीवर तोच आहे, कारण अण्णांचा दुसरा धड फोटोच नाही. फोटोग्राफरच्या घरात सगळ्या गावाचे फोटो असतात, त्याचा स्वतःचा नसतो. आणि त्या फोटोच्या कोपऱ्यात, अण्णांच्या पायाशी, छापलंय 'हर्षल भोवरा फोटोग्राफी'. हार घालताना मी झेंडूचं फूल बरोबर त्या नावावर येईल असं ओढून घेते. फूल सुकलं की नाव परत दिसतं.

मला लेन्स परत हवी होती. आणि ती अण्णांची आहे हे हर्षलनं स्वतःच्या तोंडानं, चारचौघांत म्हणायला हवं होतं. मागून बघितली, भांडून बघितली. तो म्हणाला, "अण्णांनीच मला दिली, मावशीला विचार." आईला विचारलं तर ती पदराला हात पुसत राहिली. तिला खोटं बोलवत नव्हतं आणि बहिणीच्या पोराला चोरही म्हणवत नव्हतं.

मग मी भांडण सोडलं आणि बुरशीवर भरवसा ठेवला. अण्णा त्याला सांगून थकले होते की लेन्स चामडी पेटीत कोंबत जाऊ नको, तिला कोरडी हवा दे. पण पेटी दिसायला ऐटबाज, तांबड्या कातड्याची, त्यामुळे लेन्स कायम पेटीत. त्यात लग्नाआधीचे फोटो काढायला हा दर पावसाळ्यात अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याला. तिथं श्रावणात उशीखाली ठेवलेली काडेपेटी पेटत नाही. मी मोबाईलवर त्याचे धबधब्यापुढचे फोटो बघायचे आणि मनात म्हणायचे, भिज बाबा, अजून भिज.

तुळशीचं लग्न होऊन गेलं आणि एका दुपारी हर्षल माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. बऱ्याच दिवसांनी आला होता. हातात ती तांबडी पेटी.

"ताई, रिंग जाम झालीये," तो म्हणाला. "आणि आत जाळं आलंय बघ."

"पुण्यात दाखव की. तू मोठा माणूस."

"दाखवली. ते म्हणाले, हिच्यात पैसे घालू नका, दुसरी घ्या. तशा दुसऱ्या दोन घेतल्या पण मी, सेम टू सेम. त्यात ती मजा नाही."

"का नाही?" मी विचारलं. माझा आवाज मलाच गोड वाटला.

"लेन्सलापण स्वभाव असतो, ताई. आणि माझा हात बसलाय हिच्यावर." मग काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "रविवारी रेश्माचं लग्न आहे. तुला माहितीये, त्या नदीकाठच्या बागायतदारांची मुलगी. तिनं सांगितलंय, मला भोवऱ्याचेच फोटो पाहिजेत. आणि सगळे लाईव्ह जाणार एलईडी वॉलवर, मांडवात. मी काढला की लगेच पडद्यावर. हे जमलं तर पुढच्या वर्षीची सगळी मोठी लग्नं माझी. तेवढी साफ करून दे. शेवटी घरचीच आहेस तू."

मी लेन्स हातात घेतली. किती वर्षांनी! कड्याच्या खाचांत अण्णांच्या बोटांनी झिजलेली जागा तशीच होती, अंगठा बरोबर तिथं जाऊन बसला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी बॅटरी शोधायच्या निमित्तानं खाली वाकून पुसलं. बॅटरीच्या उजेडात पुढच्या काचेवर बुरशीची पांढरी नक्षी दिसली, कोळ्यानं विणल्यासारखी. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी चुकचुकले.

"वेळ लागेल," मी म्हटलं. "रविवारी सकाळी ये."

तो गेल्यावर आई आतून आली. दुकानाच्या मागंच आमचं घर, तिला सगळं ऐकू जातं. बनुबाई नाव तिचं, आणि कान अजून तिखट. तिनं लेन्स ओळखली, दोन्ही हातांत घेतली आणि कपाळाला लावली.

"आली घरी," ती म्हणाली. "आता दिऊ नको त्याला. त्येंची हाय ती."

"ठेवून घेतली तर काय होईल, आई? तो गावभर रडत फिरेल. लोक म्हणतील, बिचाऱ्याची लेन्स बहिणीनं दाबली. वर हाच म्हणेल, चार आणे गेले, बारा आणे शाबूत आहेत."

"मंग काय करतीस?"

"साफ करते. आणि पुढची काच नीट बसवते. कंपनीनं बसवली होती तशी, सुलटी."

आईला उलट्या काचेचं काहीच माहीत नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. ती खुर्चीत बसली आणि लेन्स डोळ्याजवळ धरून बघितली.

"म्हंजी भवरा जाईल?"

"जाईल."

"त्यो तर त्येंचा हुता," आई म्हणाली. "हर्षलचं नाक कापाया तू त्येंचं पुसतीस व्हय?"

मी लेन्स तिच्या हातातून घेतली आणि टेबलाशी बसले. कामाला लागले. रबरी गोळा दाबून पुढचं, कंपनीचं नाव कोरलेलं कडं सैल केलं, दोन टोकांच्या पान्यानं आतली रिंग काढली आणि काच फडक्यावर घेतली. बुरशी पुसली. कड्यातलं वाळलेलं ग्रीस खरवडून नवं भरलं. मग ती काच बोटांत धरून बसले. अण्णांच्या हातून जशी बसली होती तशीच परत बसवायची की उलटून? भिंतीवरच्या फोटोत झेंडूचं फूल सुकलं होतं आणि पायाशी ते नाव दिसत होतं. मी काच उलटली, बसवली आणि रिंग आवळली.

रविवारी हर्षल घाईत आला. खाली गाडी चालूच होती. त्यानं कडं फिरवलं. "वा, लोणी!" म्हणाला. लेन्स कॅमेऱ्याला लावून भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक फोटो काढला, पडद्यावर मोठा करून तारखा बघितल्या.

"ताई, ही तर आधीपेक्षा शार्प झाली! काय द्यायचं?"

"घरचं काम आहे," मी म्हटलं. "जा, उशीर होईल."

सपाट भिंतीवर भोवरा कुठून दिसणार? आणि त्यातूनही बघितलं असतं तर दिसलं असतं की कॅलेंडरच्या कडाही आता स्वच्छ आहेत. पण त्यानं मधलंच बघितलं. त्याला मधलंच बघायची सवय होती.

लग्नाला मी गेले. आमंत्रण होतंच, त्या घरातले सगळे पासपोर्ट फोटो आमच्याकडे निघालेले. आणि आमंत्रण नसतं तरी गेले असते. ठेवणीतली पैठणी नेसले. आई म्हणाली, "एवढं नटून कुनाच्या लग्नाला?" मी म्हटलं, हर्षलच्या.

अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती बसल्या, आणि लॉनच्या मोठ्या चिंचेखाली नवरा-नवरीचे फोटो सुरू झाले. मी एलईडी वॉलच्या समोरची खुर्ची धरून बसले होते, हातात मठ्ठ्याचा पेला. बायका-पोरी मोबाईल वर धरून उभ्या. सगळ्यांना भोवरा रेकॉर्ड करायचा होता.

पहिला फोटो आला. रेश्मा सुंदर दिसत होती, नवराही बरा. आणि त्यांच्या मागं कॅटरिंगवाल्यांचे तीन गॅस सिलिंडर, पाण्याचा टँकर, आणि चिंचेच्या बुंध्याला लुंगी अडकवून पातेली घासणारा एक माणूस. सगळं जरा धूसर, पण काय आहे ते पोरालाही कळावं असं. पडदा केवढा तर घराएवढा. टँकरवरचा नंबरसुद्धा वाचता येत होता.

कुणीतरी हसलं. दुसरा फोटो आला. सिलिंडर तिथंच. तिसऱ्यात पातेलीवाल्यानं कॅमेऱ्याकडं बघून हात केला.

हर्षल लेन्सचं कडं पुढं फिरवी, मागं फिरवी, दोन पावलं पुढं जाई, दोन मागं. आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली जी मी ठरवली नव्हती. तो मागं काय आहे ते बघतच नव्हता. अण्णा कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी माणसाच्या मागं बघायचे, बादली सरकवायचे, दोरीवरची चादर काढायला लावायचे. भोवऱ्यानं इतकी वर्षं हर्षलची सगळी घाण गिळली होती, त्यामुळे मागं बघायची त्याची सवयच मोडली होती. आज गिळायला कुणी नव्हतं.

नवरीचा काका स्टेजवरून ओरडला, "अहो फोटोवाले, ते गोल-गोल कधी येनार?"

"येतंय, येतंय. सेटिंग चाललीय," हर्षल म्हणाला. त्याच्या सदऱ्याची पाठ घामानं चिकटली होती.

"सिलिंडर लई भारी आलाय पन!" मागून एक पोरगं म्हणालं, आणि सगळा मांडव हसला. रेश्मा मान खाली घालून चिंचेखालून निघून गेली. तिला रडू येत होतं. तिच्याबद्दल मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मठ्ठा मी पूर्ण प्यायले आणि दुसरा पेला मागितला.

ते व्हिडिओ त्याच संध्याकाळी तालुकाभर फिरले. हर्षलला लोक 'भोवरा' ऐवजी 'सिलिंडर' म्हणू लागले. हर्षल गप्प बसला असता तर वर्षभरात लोक विसरलेही असते. पण तो गप्प बसणारा नाही हे मला ठाऊक होतं. श्रेय द्यायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची, दोष द्यायचा म्हटलं की तीच सुटायची. मी मोबाईल समोर ठेवून वाट बघत होते. त्यानं फार वाट बघायला लावली नाही.

व्हिडिओत तो काळा सदरा घालून बसला होता, हातात लेन्स. "मित्रांनो, माझी चूक नाही," म्हणाला. "ही लेन्स मुळात कोपरगावच्या गोरक्षनाथ अण्णांची. पुरात बुडालेली, खोललेली, जुनाट. त्यांचा जुना माल मी भोळेपणानं एवढी वर्षं वापरला, त्यानं मला दगा दिला."

मी तो व्हिडिओ थांबवला, मागं नेला आणि परत ऐकला. कोपरगावच्या गोरक्षनाथ अण्णांची. मग आईला बोलावलं आणि तिलाही ऐकवलं. चोराच्या उलट्या बोंबा खऱ्या, पण बोंब मारताना चोरानं मालकाचं नाव सांगितलं होतं.

खाली मी एवढंच लिहिलं: 'अण्णांची आहे ना? मग घरी आणून दे. सुकन्या, अण्णांची मुलगी.' पुढचं काम लोकांनी केलं. चोर बाजारात हुडकली ती कुठली रे मग? बारा आणे डोळ्याचं काय झालं? अण्णांची जुनी गिऱ्हाइकं जागी झाली. कुणी आजोबांचा, कुणी आपल्या बारशाचा फोटो कपाटातून काढून तिथं चिकटवला, आणि प्रत्येकात मागं भोवरा. हर्षलला मिसरूड फुटायच्या आधीचे फोटो ते! शेवटी त्यानं व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये गेला होता.

थोड्या दिवसांनी तो आला. गाडी लांब लावून चालत आला. पेटी न बोलता काउंटरवर ठेवली. दाढी वाढली होती. आई दारात उभी राहिली. "बस," म्हणाली त्याला, पण तो बसला नाही.

"पुण्यात दाखवली परत," तो म्हणाला. "मला वाटलं तू काहीतरी केलंस. ते म्हणाले, एवढी चांगली लेन्स बघितली नाही, कारखान्यातून आत्ता निघाल्यासारखी हाय. काहीच दोष न्हाई."

"नाहीच," मी म्हटलं.

"मंग ताई, फोटो का येत न्हाईत?" त्याचं शहरी बोलणं गळून पडलं होतं. "हितनं गेल्यावर मी रोज काढतोय. लिंबाखाली, पिंपळाखाली. लई प्रयत्न केला. त्या दुसऱ्या दोन लेन्सनंपन. सगळ्यात सारखंच येतंय. लग्नाची बोलावणी आली ती मी नको म्हनलो. कॅमेरा डोळ्याला लावला की हात कापतो. तू अण्णांची पोरगी, तुला म्हाईत आसंल. खरं सांग. मला काय झालंय?"

आईनं माझ्याकडं बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं, पुढची काच उलटी होती म्हणून. तेवढ्यानं त्याचा श्वास मोकळा झाला असता. त्याला कळलं असतं की त्याचा डोळा गेला नाही, कारण भोवऱ्यात त्याचा डोळा कधी नव्हताच. तो चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, घरी जाऊन जेवला असता आणि झोपला असता.

"लेन्स नीट आहे, हर्षल," मी म्हटलं. "एवढंच मी सांगू शकते."

त्यानं मान हलवली. "म्हंजी मीच."

मी पेटी काउंटरच्या आत ओढून घेतली. तो आईच्या पाया पडला, भिंतीवरच्या अण्णांना हात जोडले आणि गेला. आईनं त्याच्यासाठी ठेवलेला चहा ओट्यावरच थंड झाला. मला बरं वाटलं. अगदी आतून, गार पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं, आणि ते मी कुणापासून लपवणार नाही.

हिवाळा सरत आला तशी आई एक दिवस पांढरं लुगडं नेसून, केस विंचरून दुकानात आली. "माझा एक फोटू काढ," म्हणाली. "त्येंच्या लेन्सनं. त्ये काढायचे तसा. माझ्यामागं भिंतीला लावाया हुईल."

मी तिला लिंबाखाली खुर्चीत बसवलं. मागची बादली सरकवली, दोरीवरचे कपडे काढले. कडं फिरवलं, आईच्या डोळ्यातली बाहुली लख्ख दिसली तेव्हा थांबले आणि फोटो काढला. चांगला फोटो होता. तिला कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. तिनं तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"पानं हललीच न्हाईत," ती म्हणाली.

"काच सुलटी आहे अजून."

"मंग कर की उलटी. आता घरात हाय, आपली हाय. कोन अडवतंय तुला?"

कुणीच अडवत नव्हतं. अर्ध्या तासाचं काम. पण तो फोटो आज ना उद्या भिंतीवर लागणार, दिवसकार्याला हर्षल येणार, आणि आईच्या मागं फिरणारा पाला बघून त्याला सगळं कळणार. नुसता मोबाईलवर दिसला तरी कळणार. त्याचा हात कापायचा थांबणार. भोवरा परत आणायचा तर हर्षल सुटतो, आणि हर्षल सुटू नये तर अण्णांचा भोवरा मेलेलाच राहायला हवा.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"सुटू दे की मंग त्याला," ती म्हणाली. "मी किती दिवसाची? माझा एक फोटू त्येंच्यावानी काढ, पोरी."

मी हातातल्या लेन्सकडं बघितलं. पाना आत टेबलावरच होता. मला अण्णा हवे होते, आईचा तो फोटोही हवा होता, पण रस्त्यावरून मान खाली घालून जाणारा हर्षल मला त्याहून जास्त हवा होता.

"नाही," मी म्हटलं.

आई उठली, स्वतःची खुर्ची स्वतः उचलली आणि आत गेली.